खव्याच्या भट्टीला घरच्या शेतातले लाकूड पुरेल का?

भूम तालुक्यातील एका कुटुंबाची खव्याची भट्टी आहे. रोज सुमारे २०० लिटर म्हशीचे दूध आटवले जाते आणि त्यासाठी वखारीतून रोज साधारण दोन क्विंटल लाकूड येते. लाकडाचा दर वाढत चालला आहे, व्यावसायिक सिलिंडर परवडत नाही, आणि पुण्याच्या एका घाऊक खरेदीदाराने आता ‘तुमचे इंधन पर्यावरणपूरक आहे का’ असे विचारले आहे. घरची जमीन नऊ एकर, त्यातली सहा एकर वहितीखाली आणि तीन एकर मुरमाड माळ. या माळावर आणि बांधांवर झाडे लावून भट्टी स्वतःच्या लाकडावर चालवता येईल का, कोणती झाडे लावावीत, आणि तसे केल्यास आपले इंधन नवीकरणीय आहे असे खरेदीदाराला सांगता येईल का, असा प्रश्न या कुटुंबातील तरुणाने विचारला आहे.

धाराशिव, बीड आणि लातूर भागात खव्याच्या व गुळाच्या भट्ट्या बांधणे, जुन्या भट्ट्या सुधारणे आणि त्यांच्या सरपणासाठी माळावर लागवड करून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून उत्तर आधी सांगतो आणि मग त्यामागचा हिशेब मांडतो. नऊ एकरांतून ही भट्टी पूर्णपणे चालणार नाही. नीट केले तर साधारण चौथा हिस्सा घरचा निघेल. मात्र आज जितके लाकूड जळते आहे तितके जाळण्याची गरजच नाही, आणि तुमचा पहिला फायदा झाडांत नसून भट्टीत आहे. ‘लाकूड कुठून आणू’ हा प्रश्न तुम्ही विचारला आहे. त्याच्या आधी ‘लाकूड किती लागायला हवे’ हा प्रश्न सुटला पाहिजे.

खवा करणे म्हणजे दुधातले पाणी उडवणे. म्हशीच्या चांगल्या दुधाचा पाचास एक असा खवा धरला तर २०० लिटर दुधाचा ४० किलो खवा पडतो आणि सुमारे १६० किलो पाणी वाफ होऊन जाते. उकळत्या पाण्याची वाफ करायला किलोमागे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते; म्हणजे ८६ हजार. त्याआधी दूध ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला आणखी १३ हजार. एकूण एक लाख किलोकॅलरी धरा. हा आकडा कोणत्याही भट्टीला, गॅसला किंवा विजेला चुकत नाही, कारण ती पाण्याची मागणी आहे.

आता वाळलेले लाकूड घेऊ. उन्हात-वाऱ्यावर नीट वाळलेल्या लाकडात १५ ते २० टक्के ओल राहतेच, आणि अशा एक किलो लाकडात साधारण ३५०० किलोकॅलरी उष्णता असते. एक कणही वाया गेला नाही तर २०० लिटर दुधाला २९ किलो लाकूड पुरावे. तुम्ही जाळता २०० किलो. ते लाकूड वखारीतून ताजे येत असेल आणि त्यात ४० टक्के ओल असेल असे मी गृहीत धरतो, कारण आपल्याकडच्या वखारींत तोडून महिना-पंधरा दिवस झालेला मालच बहुधा मिळतो. अशा लाकडात किलोला २४०० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता मिळते. म्हणजे तुम्ही पावणेपाच लाखांचे इंधन जाळून एक लाखाचे काम करून घेता. पाचातले चार भाग धुरातून, भट्टीच्या भिंतींतून आणि तोंडातून निघून जातात. यात तुमचा दोष नाही. बिनजाळीच्या, बिनधुराड्याच्या जुन्या भट्ट्या याच पातळीवर चालतात, कित्येक त्याहूनही खाली.

ओल्या लाकडाविषयी एक समज मात्र दुरुस्त केला पाहिजे. ‘लाकडातले पाणी उडवण्यातच सगळी आग जाते’ असे म्हटले जाते. हिशेब तसे सांगत नाही. १०० किलो लाकडात ४० किलो पाणी असेल तर ते उडवायला जेमतेम २४ हजार किलोकॅलरी लागतात, आणि उरलेल्या ६० किलो कोरड्या लाकडाची उष्णता अडीच लाखांच्या वर असते. म्हणजे पाणी थेट दहावा हिस्सा खाते. खरे नुकसान वेगळ्या वाटेने होते. ओल्या लाकडाची आग तापत नाही. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि लाकडाची बरीचशी उष्णता या वायूंतच असते. आग पुरेशी गरम नसेल तर ते पेटत नाहीत आणि पांढऱ्या-पिवळसर धुराच्या रूपाने निघून जातात. भट्टीवर डोळे चुरचुरत असतील तर तुमचे पैसे डोळ्यांवाटे जात आहेत असे खुशाल समजा. दुसरे नुकसान खरेदीत आहे. लाकूड क्विंटलवर घेतले की ४० टक्के ओलीच्या दोन क्विंटलांत तुम्ही ८० किलो पाणी लाकडाच्या भावाने विकत घेता. म्हणून लाकूड उन्हाळ्यात, एकदम, तोडून शक्य तितके दिवस झालेले घ्यावे. व्यापारी ढिगावर किंवा ट्रॉलीवर विकत असेल तर वजनाची चिंता नको, पण मग ढीग कसा रचला आहे ते पाहावे. वाकड्यातिकड्या फांद्यांच्या ट्रॉलीत निम्मी हवाच असते.

वाळवणे हे आपल्या भागात सोपे काम आहे आणि तरीही ते कोणी करत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. चैत्र-वैशाखातल्या मराठवाड्याच्या हवेसारखा वाळवणीचा कारखाना पैसे देऊनही बांधता येणार नाही. तोड माघ-फाल्गुनात संपवावी. मनगटापेक्षा जाड ओंडका उभा फोडावा, कारण सालीतून पाणी फार हळू निघते आणि फोडलेल्या बाजूने लवकर निघते. जमिनीला न टेकवता दगडांवर किंवा जुन्या खांबांवर रचावे, ढीग एका ओळीचा ठेवावा आणि त्याची लांब बाजू पश्चिमेच्या वाऱ्याला समोर ठेवावी. अशा रीतीने फोडलेली बाभूळ दोन ते तीन महिन्यांत वापरण्याजोगी होते. न फोडलेला जाड ओंडका वर्षभरानेही आतून ओला सापडतो. मृगाच्या आधी वरून पत्रा टाकावा, बाजू मात्र उघड्याच ठेवाव्यात. प्लॅस्टिकने चारी बाजूंनी गुंडाळलेला ढीग आत घाम सुटून बुरशी धरतो.

लाकूड वाळले की नाही हे कळण्यासाठी यंत्र हवेच असे नाही. दोन ढलप्या हातात घेऊन एकमेकींवर आपटा; वाळलेल्या ढलप्यांचा आवाज टणक येतो, ओल्यांचा बद्द. टोकाकडे पाहिले तर मध्यातून कडेकडे गेलेल्या बारीक भेगा दिसतात आणि साल बोटाने सुटते. यापेक्षा पक्की खात्री हवी असेल तर ढिगाच्या मधल्या चार ढलप्यांवर खडूने आकडे घाला आणि दर आठवड्याला दुधाच्या काट्यावर त्यांचे वजन लिहून ठेवा. वजन घटायचे थांबले की हवेत जितके वाळायचे तितके वाळले. ओल मोजण्याचे टाचण्यांचे यंत्र विकत घेतलेत तर ढलपी तिथल्या तिथे फोडून ताज्या फोडीच्या मध्यभागी टाचण्या टोचाव्यात. बाहेरच्या पृष्ठभागावर घेतलेला आकडा नेहमी खोटे समाधान देतो. बाभूळ आणि सुबाभूळ यांच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो आणि ढिगाखाली पिठासारखी भुकटी पडते. वर्षाहून जास्त ठेवायचे असेल तर साल काढून ठेवावे.

आता भट्टी. इथे सर्वांसाठी एकच नकाशा देता येत नाही, कारण कढईचा व्यास, एका वेळी किती दूध टाकता, भट्टी छपराखाली आहे की बंद खोलीत, यावर मापे बदलतात. तरीही चार गोष्टी मी प्रत्येक ठिकाणी आधी पाहतो. पहिली म्हणजे बिडाची जाळी. लाकूड राखेवर जळत असेल तर त्याला खालून हवा मिळत नाही. जाळीवर जळाले तर हवा निखाऱ्यांतून वर येते आणि राख खाली पडते. दुसरी म्हणजे हवेची वाट. राखेच्या खणाला झाकण असावे आणि हवा तिथूनच नियंत्रित करावी. लाकूड टाकण्याचे तोंड लाकूड टाकतानाच उघडावे. आपल्याकडे लांबच लांब ओंडका तोंडातून अर्धा बाहेर ठेवून हळूहळू आत सरकवण्याची पद्धत आहे. तिच्यामुळे तोंड कायम उघडे राहते, आणि त्यातून शिरणारी थंड हवा ज्वाळा गार करत थेट मागे निघून जाते. तिसरी म्हणजे कढई आणि भिंत यांतील फट. ज्वाळा तळाला लागून लगेच बाहेर न जाता कढईच्या बाजूने वर चढली पाहिजे. त्यासाठी भिंत कढईच्या आकाराला धरून घ्यावी आणि साधारण दोन बोटांची फट सगळीकडे सारखी ठेवावी. जाळी आणि तळ यांत फूट-सव्वा फूट अंतर बहुतेक कढयांना मानवते. अंतर फार कमी असेल तर ज्वाळा पूर्ण जळण्याआधीच थंड तळाला आदळते आणि काजळी धरते, आणि ती काजळी पुढे उष्णता अडवते. चौथी गोष्ट धुराडे. ते ओढ धरण्याइतके उंच हवे आणि त्यात झडप हवी, कारण ओढ जास्त झाली तर तीच उष्णता पळवून नेते.

या सुधारणांनंतर आणि वाळलेल्या लाकडावर भट्टी लाकडातल्या उष्णतेच्या तीस टक्क्यांच्या आसपास काम देऊ लागते. तेव्हा एक लाख किलोकॅलरीसाठी ९५ किलो वाळलेले लाकूड पुरते. हे २०० किलोंच्या निम्म्याहून कमी दिसते, पण त्यात फसू नये; आजच्या दोन क्विंटलांतही कोरडे लाकूड १२० किलोच आहे आणि ९५ किलोंत ते ८० किलोंच्या जवळ येईल. खरी बचत तिसऱ्या हिश्शाची आहे. तीही लहान नाही, आणि ती झाड न लावता मिळते.

तुमची भट्टी आज नेमकी कुठे आहे हे पाहायला एक सोपी चाचणी आहे. कढईत मोजून पाणी घ्या, उकळी येऊ द्या, आणि उकळी आल्यापासून तासभर मोजून दिलेल्या वाळलेल्या लाकडावर ते उकळत ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी आग साधारण सारखीच असावी. किती लिटर पाणी कमी झाले ते मोजा आणि लाकडाच्या किलोंनी भागा. किलोमागे एक लिटर किंवा त्याहून कमी पाणी उडाले तर भट्टी वाईट, सव्वा ते दीड लिटर म्हणजे मध्यम, आणि दोन लिटरांच्या जवळ गेली तर उत्तम. गवंड्याला पैसे देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर ही चाचणी करावी. सुधारणा झाल्याचे तोंडी सांगणे पुष्कळ ऐकायला मिळते.

सिलिंडरशी तुलनाही याच हिशेबातून निघते. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये सुमारे दोन लाख किलोकॅलरी असतात आणि उघड्या कढईखाली त्यातली निम्मी कामी येते असे धरले तर एक सिलिंडर म्हणजे तुमचा एक दिवस, म्हणजेच ९५ किलो वाळलेले लाकूड आणि सुधारलेली भट्टी. दोन्हींचे आजचे भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. लाकडाच्या बाजूला फोडण्याची, रचण्याची आणि भट्टीपाशी बसणाऱ्या माणसाची मजुरी धरायला विसरू नका.

आता जमिनीकडे वळू. रोज ९५ किलो म्हणजे वर्षाला ३५ टन वाळलेले लाकूड. आपल्याकडचा पाऊस सरासरीने सहा-सातशे मिलिमीटर, तोही लहरी, आणि तुमचा माळ मुरमाड. अशा जमिनीवर सरपणासाठी केलेल्या लागवडीतून मी एकरी वर्षाला दीड टनापेक्षा जास्त वाळलेले लाकूड कधीच धरत नाही. काळ्या खोल जमिनीत सुबाभूळ याच्या दुपटीहून जास्त देते, पण त्या जमिनीत तुम्ही सोयाबीन सोडून सरपण लावणार नाही, आणि लावूही नये. तीन एकर माळाचे झाले साडेचार टन. बांधावरची बाभूळ-लिंब सवळून, म्हणजे फांद्या छाटून, वर्षाला दीड-दोन टन. वहितीतल्या तुरीच्या तुराट्या आणि कपाशी असेल तर पऱ्हाट्या. सलग पिकाच्या एकरी टनभर मिळतात, सोयाबीनमधल्या आंतरपीक तुरीच्या बऱ्याच कमी. त्यातून दोन टन धरू. सगळे मिळून आठ-साडेआठ टन, म्हणजे तुमच्या सुधारलेल्या गरजेचा चौथा हिस्सा. आज आहे त्या भट्टीला हेच लाकूड सहावा हिस्सासुद्धा पुरणार नाही.

माझा आग्रह आहे की हा हिशेब कागदावर मांडूनच पुढचे पाऊल उचलावे. लाकूड पुन्हा वाढते हे खरे, पण ज्या वेगाने वाढते त्याच वेगाने तोडले तरच ते नवीकरणीय राहते. मराठवाड्यात जंगल मुळातच नावापुरते आहे. लातूर जिल्ह्यात तर वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत आहे. आपल्या भट्ट्यांना आणि गुऱ्हाळांना लागणारे लाकूड बांधांवरून, ओढ्यांच्या काठांवरून आणि गायरानांतून येते, आणि तिथे नवीन झाड कोणी लावले की नाही हे विचारले जात नाही. २०१२ आणि २०१५ च्या दुष्काळांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: अवर्षणात झाडाची वाढ जवळपास थांबते आणि त्याच वर्षी पैशासाठी बांधावरची झाडे विकली जातात. म्हणून सरासरी वर्षावर योजना न आखता वाईट वर्षावर आखावी आणि काही महिन्यांचा वाळलेला साठा कायम हाताशी ठेवावा.

कोणती झाडे लावावीत, हे माळाच्या पोटात काय आहे यावर अवलंबून आहे. दोन फूट माती असेल तिथे सुबाभूळ चांगली. तोडल्यावर खोडाला जोमाने धुमारे फुटतात, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी तोड घेता येते. तिचे बी मात्र भराभर पसरते, म्हणून शेंगा पिकण्याआधी तोडणे किंवा शेळ्यांना पाला घालणे हे शिस्तीने करावे लागते. पाल्यात मिमोसिन हे जास्त झाल्यास जनावरांना अपायकारक द्रव्य असल्याने तोही चाऱ्याचा काही हिस्साच असावा. माती वीतभरच असेल आणि खाली मुरूम असेल तर सुबाभूळ खुरटते. तिथे हिवर, लिंब आणि बाभूळ सावकाश पण टिकून वाढतात. बाभळीचे लाकूड जड आणि उत्तम, पण बुंध्यापासून तोडली तर ती सुबाभळीसारखी भरवशाने फुटत नाही. म्हणून तिच्या फांद्या सवळाव्यात किंवा तोडीनंतर नवे बी टोकावे. पिकाच्या बांधावर रामकाठी बाभूळ लावावी, तिचा विस्तार अरुंद आणि उभा असल्याने पिकावर सावली कमी पडते. गिरिपुष्प बांधावर काडी खोवूनही लागते आणि पाला खताला येतो. बांबूविषयी सध्या फार बोलले जाते. बांबू जळतो चांगला, पण पाण्याशिवाय मुरमावर तो तुम्हाला दिसतो तसा वाढत नाही, आणि न फोडता भट्टीत टाकला तर बंद पेरी फटाक्यासारखी फुटतात. उकळत्या दुधापाशी बसलेल्या माणसाला ते धोक्याचे आहे.

वजनाच्या हिशेबाने सगळ्या जातींची वाळलेली लाकडे जवळपास सारखीच उष्णता देतात; जड लाकूड जागा कमी घेते आणि निखारा जास्त धरते, इतकाच फरक. खव्यासाठी तो फरक महत्त्वाचा आहे. सुरुवातीला दूध जोरात उकळायला मोठी ज्वाळा हवी, पण खवा घट्ट होऊ लागला की आग चटकन उतरवता आली पाहिजे. भट्टीत बाभळीच्या निखाऱ्यांचा थर साठला असेल तर तो उतरत नाही आणि खवा तळाला लागतो. म्हणून पहिल्या टप्प्यात फोडलेली बाभूळ किंवा वेडी बाभूळ आणि शेवटच्या टप्प्यात सुबाभळीच्या बारीक ढलप्या किंवा तुराट्या, असा क्रम मी सांगतो. तुराट्या नुसत्या जाळल्या तर भराभर संपतात आणि माणूस दमतो. या क्रमात त्यांची जागा नेमकी बसते.

लागवडीच्या दृष्टीने तीन एकरांचे चार तुकडे पाडावेत. उन्हाळ्यात उताराला आडवे चर खणून घ्यावेत आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर तीन बाय दोन मीटरवर, म्हणजे एकरी साधारण ६७० रोपे लावावीत. रोपे सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात आणि रोजगार हमीतून मजुरीची सोय होऊ शकते का हे ग्रामपंचायतीत विचारावे. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखण करावी लागते; माळावरची लागवड पावसापेक्षा शेळ्यांनी जास्त मोडते. चौथ्या वर्षापासून दरवर्षी एकच तुकडा तोडायचा, पाला तिथेच पडू द्यायचा. तोपर्यंत या माळातून काडीही मिळणार नाही, हे धरूनच चालावे.

उरलेले २६-२७ टन कुठून आणायचे? गावाच्या तलावाच्या पोटात आणि ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजलेली असेल तर ते पहिले उत्तर. तिचे लाकूड जड आणि गरम, आणि तोडली तरी ती पुन्हा फुटते, त्यामुळे ती संपेल याची काळजी कोणालाच नाही. जमीन मात्र तुमची नाही. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा संबंधित खात्याची परवानगी लेखी घ्यावी, आणि काट्यांनी टायर फाटतात म्हणून ट्रॉली आत न्यायची नाही. दुसरे उत्तर म्हणजे शेजारचे पाच-सहा माळवाले शेतकरी. त्यांच्याशी दरवर्षी ठरावीक तुकडा तोडण्याचा आणि पुन्हा फुटू देण्याचा लेखी करार करावा, दर वाळलेल्या वजनावर ठरवावा. वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतले लाकूड परवडते. त्यापलीकडे डिझेल आणि मजुरी मिळून ते वखारीच्याच भावाला येते. करार जमले नाहीत तर तितक्या भागापुरता गॅस किंवा वीज वापरणे हे मी कमीपणाचे मानत नाही. आपल्या जिल्ह्यात सौर ऊर्जेवर खवा करण्याचे प्रयोगही सुरू झालेले आहेत. भांडवल जमत असेल तर ते जाऊन पाहावेत.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, अंजन, खैर, चंदन अशी झाडे आहेत. ती तुमच्याच बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सुबाभूळ आणि बाभूळ या अनुसूचीत नाहीत. वाहतुकीच्या पासाचा नियम जातीप्रमाणे वेगळा असतो, तेव्हा पहिली ट्रॉली भरण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्या मालात चिंच-आंब्याचे ओंडके आहेत का ते पाहावे. रंगवलेले लाकूड, प्लायवुड किंवा पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या खाण्याच्या पदार्थाच्या भट्टीत कधीही जाळू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

खरेदीदाराला काय सांगावे? ‘प्रदूषणमुक्त’ हा शब्द वापरू नये, कारण लाकडाचा धूर हा धूरच आहे आणि भट्टीपाशी बसणाऱ्याच्या छातीत तो जातोच. बंद खोलीत तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, म्हणून धुराडे आणि छपराजवळची हवा जाण्याची उघडी जाळी सोडू नये. त्याऐवजी एक साधी वही ठेवा: तारीख, लाकूड कोणाच्या शेतातले, कोणत्या जातीचे, वजन किती, त्या तुकड्यात पुन्हा फुटवा आला की नाही. वर्षअखेर तीवरून ‘आमच्या इंधनापैकी इतका हिस्सा पुन्हा वाढणाऱ्या ओळखीच्या झाडांतून येतो’ असे सांगता येईल, आणि तो हिस्सा पहिल्या वर्षी दहा टक्के असला तरी तो खरा असेल. आपल्याच भागातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालेले असताना त्याच्या नावाखाली मोघम दावे करणे तुम्हालाही परवडणार नाही.

राखेविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण हा प्रश्न पुढे येतोच. भट्टीची राख शेतात टाकण्याची सर्रास रीत आहे. आपली काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त आणि विम्लतेकडे झुकलेली, पालाशही बहुधा पुरेसा. तिथे दरवर्षी राख ओतून उपयोग होत नाही, उलट सामू (पीएच) आणखी चढतो. शेणखताच्या उकिरड्यात थोडी थोडी मिसळावी किंवा भांडी घासायला द्यावी.

घरच्या स्वयंपाकासाठी मात्र गॅस सोडून चुलीवर येऊ नका. घरात लाकूड हवेच असेल तर ते अंगणातल्या बंबापुरते ठेवा, आणि भट्टीच्या धुराड्याभोवती पाण्याची टाकी बसवली तर बंबही कित्येक दिवस पेटवावा लागणार नाही.

पुढचे नेमके सांगण्यासाठी मला तीन गोष्टी हव्या आहेत: कढईचा वरचा व्यास आणि खोली, वर सांगितलेल्या पाण्याच्या चाचणीचा आकडा, आणि माळावर तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन किती फुटांवर मुरूम लागतो ते. कळवलेत तर जाळीचे माप आणि झाडांचे प्रमाण इथेच लिहून देतो.